हात थांबले का?

रोवणीच्या दिवसांत आमच्या सिंदेवाहीत सगळे चिखलात उतरतात, एकटे देवानंदभाऊ बांधावर उभे राहतात. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कागद. खाली पंधरा-वीस बाया वाकून धान लावत असतात आणि वरून भाऊ खणखणीत आवाजात वाचत असतात, "या घराचा उंबरठा ओलांडलास, तर माई मेली असं समज!" वाचून झालं की चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, "हात थांबले का?"

भाऊ माझे शेजारी. टपाल खात्यातून निवृत्त झाले आणि दुपारी दोनच्या एका मालिकेचे संवाद लिहू लागले. कथा मुंबईत कोणीतरी ठरवतं, ती फोनवर येते; त्यातल्या माणसांना बोलतं करायचं काम भाऊंचं. लिहिलेला प्रसंग ते आधी बायांना ऐकवतात. लावता लावता हात थांबले तर प्रसंग पास, नाही तर कागद खिशात आणि भाऊ घरी. उन्हाळ्यात तेंदूपानांचे पुडे बांधणाऱ्या बायांपुढे हीच परीक्षा होते.

शेतमालकांना हे अर्थातच परवडत नाही. एकाने त्यांना हात जोडून बांधावरून उतरवलं होतं. दुसऱ्याचं शेजाऱ्याशी धुऱ्यावरून, म्हणजे हद्दीच्या बांधावरून, भांडण होतं, तो म्हणाला, "भाऊ, तिकडच्या बांधीत वाचा ना. चांगले दोन दिवस वाचा."

आता माझ्याविषयी. मी मराठीचा निवृत्त प्राध्यापक आणि तालुका साहित्य मंडळाचा सचिव. दुपारच्या मालिकांनी अभिरुचीचा कसा ऱ्हास केला यावर माझा एक दीर्घ लेख आहे. तो लिहिण्यापूर्वी मी एकही मालिका पाहिली नव्हती. न पाहता केलेली समीक्षा जास्त तटस्थ असते, असं माझं मत होतं. मंडळ दरवर्षी तालुक्यातल्या साहित्यिकांची यादी छापतं. लग्नपत्रिकांवर चार ओळी लिहून देणारे एक गृहस्थ त्या यादीत कवी म्हणून आहेत. भाऊ नव्हते.

दरवर्षी ते फाटकाशी येऊन विचारायचे, "सर, यंदा?"

"भाऊ, ते लेखन नव्हे. ते कोणीही लिहील."

"बरोबर आहे," असं म्हणून भाऊ हसायचे आणि दोन वाजायच्या आत घरी पळायचे. मालिकेच्या शेवटी त्यांचं नाव पडद्यावर येतं. ते इतक्या घाईत जातं की भाऊ आधीच बोट रोखून उभे राहतात. "आलं... गेलं!" तेवढाच त्यांचा सत्कार.

गेल्या वर्षी रोवणी ऐन भरात असताना ते सकाळीच आले. चेहरा उतरलेला. मालिकेत माईचं काम करणाऱ्या बाईंना संध्याकाळी सातच्या मालिकेत काम मिळालं होतं. दुपारवाल्यांकडे सातवाले ज्या नजरेनं बघतात, त्यापुढे माझा लेख म्हणजे काहीच नाही! बाई निघाल्या, म्हणून माईला मारायचं होतं. उद्या बारापर्यंत प्रसंग गेला नाही तर तो मुंबईतच दुसरं कोणी लिहिणार होतं.

"मले तिले मारणं जमून नाई राह्यलं, सर," भाऊ म्हणाले. "मुंबईवाले तिले कसंबी मारतीन. तुम्ही मनता ना, कोणीबी लिहू शकते? मंग तुम्ही लिहा."

मी पाऊण तासात लिहिलं. खरं सांगतो, मला ते आवडलंही. मरताना माई म्हणते, "जीवन हा एक अव्याहत प्रवाह आहे, आणि मी त्यातली केवळ एक क्षणभंगुर लहर!"

तासाभरात आम्ही बांधावर होतो. मी वर्गात शिकवायचो त्या आवाजात वाचलं. खाली सटासट धान लागत होतं. एक हात थांबेल तर शपथ. उलट कामाला वेगच आला, आणि शेतमालक पहिल्यांदाच खूश होऊन म्हणाला, "सर, तुम्ही रोज येत जा."

शेवटी अनुसयाबाई नावाची म्हातारी कंबर धरून उभी राहिली. "सर, हे माई नोहे. माई मरता मरता बी पहिले पुसन, जेवला का मनून. आमची सुमनबाई तशीच होती." मग भाऊंकडे बघून म्हणाली, "भाऊ, आमाले का समजत नाई? माई बोलते ते सारं सुमनबाईचंच तं हाय."

सुमनबाई म्हणजे भाऊंची बायको. याच बायांबरोबर याच बांध्यांत तिनं जन्मभर रोवणी केली. भाऊंनी पहिला प्रसंग वाचला तेव्हा पहिले हात तिचेच थांबले होते. चार वर्षांपूर्वी ती चंद्रपूरच्या दवाखान्यात वारली. त्यानंतर रोज दुपारी दोन वाजता ती भाऊंच्या घरात बोलत होती, आणि मी भिंतीपलीकडे अभिरुचीचा ऱ्हास मोजत बसलो होतो. मला माझीच लाज वाटली.

परतताना भाऊ म्हणाले, "ती गेली तवा मी चहा आणाले गेल्तो, सर. तिनंच धाडलं. वापस येऊन पाह्यतो तं... शेवटचं काय बोलली असन, मले मालूम नाई. मंग माईच्या तोंडी काय लिहू?"

"मग तेच लिहा," एवढंच मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बांधावर उभे राहिले. छत्री मी धरली. प्रसंग जेमतेम एक पान होता. दवाखान्यातल्या खाटेवरून माई आपल्या म्हाताऱ्याला म्हणते, "सकाळपासून काही खाल्लं नाही तुम्ही. जा, चहा तरी घेऊन या." म्हातारा जातो. टपरीवर रांग असते. तो दोन कप घेऊन, सांडू नये म्हणून जपून जपून जिना चढतो आणि दारात थांबतो. संपलं.

बाया तशाच वाकलेल्या होत्या, पण हात चिखलात थांबले होते. शेतमालक धुऱ्यावर उभा होता, तोही ओरडला नाही. भाऊंनी मात्र त्या दिवशी काही विचारलं नाही. त्या वर्षीच्या यादीत पहिलं नाव मी तिथेच घातलं.

अनुसयाबाईनं मनगटानं डोळे पुसले. "भाऊ, मंग त्या दुसऱ्या कपातला चहा कोन पेला?"

भाऊंनी कागदाची घडी घातली.

"मीच पेलो, बाई. दोन्ही."