चंद्राचा दुसरा भाग

सिनेमा चालू असताना पडद्याला जाब विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे नाना.

भडगावात मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा मला खोली मिळाली ती नानांच्या शिवणदुकानाला लागून. हात चांगला, पण सदरा सांगितलेल्या दिवशी मिळेल तर शपथ! गिऱ्हाईक समोर आलं की नाना मशीन थांबवून त्याला सिनेमातल्या खोटी दाखवत बसत. "हाई कसं व्हयनं? माले सांग!" हे त्यांचं पालुपद. गिऱ्हाईक बिचारं सदऱ्यासाठी आलेलं, कसं झालं ते काय सांगणार?

उन्हाळ्यात गिरणेकाठी सिनेमाचा तंबू लागायचा. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मधे कनात. नाना बरोबर कनातीला टेकून बसत, कारण पलीकडे त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, बसलेल्या असत. त्या साली चंद्रावर विमानाने जाणाऱ्या मंडळींचा सिनेमा आला. विमानात नायक, नायिका आणि एक विदूषक. चंद्रावर पाय ठेवतात तोच वीसेक बाया गाणं म्हणत नाचू लागल्या.

"विमानमा तर तीनच जन व्हतात! ह्या बाया कोठून उन्यात?" नाना ओरडले.

"गप बठा ना!" कनातीपलीकडून अक्का.

अख्खा तंबू हसला. खरं सांगायचं तर तिकिटाचे पैसे आम्ही याच जुगलबंदीसाठी मोजत होतो.

शेवटी विमान पेटलं, नायिका त्यात गेली आणि दुसरा भाग येणार अशी पाटी झळकली. अक्का डोळे पुसत बाहेर आल्या, पण म्हणाल्या, "ती मरनी नही. मढं दखाडं का? दुसरा भागमा यी ती."

"इतलं मोठं विमान पेटनं, तठून कसी यी?"

झालं! पुढे कित्येक महिने दुकानात हाच वाद. नाना मशीन चालवताहेत, अक्का शेजारी बसून काजं करताहेत आणि ती मेलेली नायिका दोघांच्या मधे. फारच चिडले की नाना सगळ्या तंबूसमोर हार कबूल करायची पैज लावत, "ती उनी तर बठ्ठा तंबूसमोर सांगसू, मी हारनू!"

दिवाळीनंतर साध्या तापाचं निमित्त झालं आणि अक्का गेल्या. नानांचं बोलणं आटलं. सदरे वेळेवर मिळू लागले. मला ते मुळीच आवडलं नाही.

उन्हाळ्यात दुसरा भाग आला. नाना येतील असं वाटलं नव्हतं, पण आले आणि नेहमीच्या जागी कनातीला टेकून बसले. सिनेमा म्हणजे नुसता गोंधळ होता. मागच्या खेपेला डोंगरावरून ढकललेला चंद्रावरचा राजा सिंहासनावर बसून विडा खात होता. जळालेलं विमान नवंकोरं होऊन उडालं, तेव्हा मात्र नानांना राहवेना. "पेटेल विमान परत कसं उडनं? हाई कसं व्हयनं?" तंबू खूश झाला. मलाही बरं वाटलं.

आणि मग एका खडकाआडून हसत हसत नायिका आली. तेच लुगडं, पदरसुद्धा करपलेला नाही. ती वाचली कशी, हे पडद्यावर कुणी विचारलं नाही की सांगितलं नाही. एवढी मोठी खोट! सगळा तंबू नानांकडे वळला. "बोला ना, नाना!" कुणीतरी ओरडलं.

नाना कनातीकडे तोंड करून बसले होते. पलीकडून त्यांना कुणी गप बसायला सांगितलं नाही. ते आपणहून गप राहिले, पार शेवटपर्यंत.

सकाळी दुकानात गेलो. नाना एका सदऱ्याचं काज करत होते. हे काम त्यांना कधीच जमलं नाही, टाके वेडेवाकडे पडत होते.

"नाना, ती नायिका कशी आली हे विचारलं नाहीत?"

"काय इचारनं, मास्तर? तुमनी अक्का सांगे तसंच व्हयनं." त्यांनी सुई तशीच धरून ठेवली. "मी हारनू. पन आते कोनले सांगू?"