विकायला घेतलेली खानावळ

लग्नाला गेलं की दत्तूआण्णा आधी मांडवाच्या मागं जात आणि उष्ट्या पत्रावळ्यांचा ढीग बघत. नवरा-नवरी नंतर. माझ्या बहिणीच्या लग्नात व्याह्यांच्या देखत त्यांनी काठीनं पत्रावळ्या उलटसुलट केल्या आणि मोठ्यांदा म्हणाले, "मास्तर, बुंदी लै टाकलीया लोकांनी. आचारी बदला!" आण्णांचं नाव काढलं की बहीण अजून तोंड फिरवते.

दुकानातही ते पुढच्या दारानं शिरत नसत. मागच्या बोळात जाऊन कचरा बघायचे. "पुढं नुसती पाटी असती, खरं काय ते मागं दिसतंय," म्हणायचे. ही नुसती खोड नव्हती, त्यावर त्यांचं पोट होतं. मंगळवार पेठेत कुणी भाजी विकायचं, कुणी चपला. आण्णा धंदेच विकायचे. अख्खेच्या अख्खे. बुडीत चाललेला छापखाना, बंद पडायला आलेली पिठाची गिरणी, असलं काहीतरी हुडकायचं, स्वस्तात घ्यायचं, रेटून उभं करायचं आणि विकून मोकळं व्हायचं. "जीव लावायचा न्हाई, जोर लावायचा," हे त्यांचं ब्रीद.

पैसे मात्र पेठेचे. न्हावी, पेन्शनीतले फौजदार, आमचे हेडमास्तर, सगळ्यांनी घातलेले. अट एकच, तीन वर्षं पैशासाठी तोंड उघडायचं नाही. नफा होवो न होवो, शेकड्यामागं दोन रुपये दरसाल आण्णा स्वतःच्या चहा-एसटीसाठी आधीच काढून घेत. नफा झाला की पाचवा हिस्सा त्यांचा. तोटा झाला तर, असं मी एकदा विचारलं. "त्यो समद्यांचा," म्हणाले. मी त्यात नव्हतो. शहाणा होतो म्हणून नव्हे, पगारात काही उरतच नव्हतं.

दुष्काळाच्या सालात काशीआक्काची खानावळ अडचणीत आली. आमच्या बोळाच्या तोंडाशीच होती, जागा आक्काची स्वतःची. नवरा गेल्यावर त्या चुलीच्या जोरावर बाईनं पोरगी वाढवली, उजवली. तिचा तांबडा रस्सा प्यायला की कानशिलं तापायची. रेशनवर लाल मिलो ज्वारी आली, मटण परवडेना, तरी ही बाई भाकऱ्या मोजून वाढेना आणि हॉस्टेलच्या पोरांकडं पैसे मागेना. मग दुसरं काय होणार? मी सडाफटिंग, तिथंच जेवायचो. आण्णाही बायको गेल्यापासून, बारा वर्षं, दोन्ही वेळेला तिथंच, दराची कुरकुर करत का होईना, रोख पैसे मोजून. त्यांना तिखट सोसायचं नाही, म्हणून आक्का त्यांच्यापुरता रस्सा वेगळा काढून ठेवायची. त्यावर दोघं कधी एक अक्षर बोलले नाहीत.

आण्णांनी खानावळ घेतली. जागेसकट. "घोर सोड आक्का. तुजं देणं फिटंल, आन् तू हाईस तितंच ऱ्हाशील." आक्कानं अंगठा उठवला. मी म्हटलं, जरा कुणाला विचारा तरी. तर मलाच म्हणते, "आण्णा हाईत की!"

खरी मेख पुढंच आहे. पेठेचे पैसे कमी पडले, तेव्हा आण्णांनी बँकेचं कर्ज काढलं, तेही खानावळीच्याच जागेवर. आणि हप्ते कुणी भरायचे? खानावळीनं! म्हणजे बकऱ्यानंच कसायाला सुरी आणून द्यायची. हे मी तोंडावर म्हटलं तर गडी खूश झाला. "बराबर कळलं की तुमास्नी!"

मग जोर लावणं सुरू झालं. पाट गेले, टेबलं आली. वाट्या बदलल्या, नव्या वाट्या वरून तेवढ्याच, पण बूड असं जाड की दोन घोटांत तळ लागायचा. जादा कांद्याला पैसे. पहिल्या दिवसापासूनचा वाढपी इस्माईलभाई, त्याला काढून टाकलं. आक्का भांडली. "त्येच्या पोरांनी काय खायाचं वो?"

"आक्का, इचार सोड, आकडा बोल."

आक्का दोन दिवस बोलली नाही. पण चूल पेटवत राहिली, कारण चूल आपलीच आहे असं त्या वेडीला अजून वाटत होतं.

धंदा मात्र वाढला, खोटं कशाला बोलू? तिसऱ्या वर्षी इचलकरंजीचा एक सूतवाला आला. त्याला कापडाचं दुकान घालायला जागा हवी होती, खानावळीशी त्याला देणंघेणं नव्हतं. भाव तोंडाला पाणी सुटेल असा. मी तणतणत आण्णांकडं गेलो. "अहो, आक्काला शब्द दिलाय तुम्ही!"

"पेठंलाबी दिलाय. त्यो आदी."

"आणि तुम्ही जेवणार कुठं?"

हा प्रश्न आण्णांच्या डोक्यातच आला नव्हता, देवाशप्पथ. मग म्हणाले, "माजा काय संबंद? पैसा लोकांचा हाय."

विकली. न्हाव्यानं रेडिओ घेतला, हेडमास्तरांच्या घरी कुकर आला, फौजदारांनी आण्णांना हार घातला. आक्का तवा आणि परात घेऊन लेकीकडं जयसिंगपूरला गेली. एसटीवर पोचवायला इस्माईलभाई तेवढा आला. आणि महिन्याभरात हीच पेठ बोंबलायला लागली, छे, आता चांगलं जेवायला कुठं मिळतच नाही! नालायक लेकाचे.

आण्णा पाव-केळ्यावर आले. सदरा अंगात लोंबायला लागला. एका रविवारी ते जयसिंगपूरला गेले आणि दिवेलागणीला परत येऊन माझ्या ओट्यावर बसले.

"म्हनलं, आक्का, तितं नवी खानावळ काढू. पैसं माजं, सोताचं. पेठंचा एक पैसा न्हाई."

"मग?"

"म्हनली, किती वर्सांसाटी?"

आण्णांनी काठी ओट्याला टेकवली.

"बोलताच आलं न्हाई वो मला. मग तिनं जेवाय वाढलं. पोटभर. उठताना पैसं काडलं, तर घेईना. पावण्याकडनं पैसं घेत न्हाई म्हनली. पंदरा वर्सं तिच्या हातचं खाल्लं, मास्तर. कवा पावणा न्हवतो मी."

मला म्हणायचं होतं, बरं झालं, अस्संच पाहिजे. जिभेवर आलं होतं. पण त्या माणसाकडं बघवेना. आत भात टाकलेला होता. म्हटलं, चला, दोन घास खाऊन घ्या.

माझा भात खाली लागलेला, आमटी पाणचट. आण्णांनी ताट पुसून खाल्लं. हात धुतला आणि भीत भीत खिशात घातला.

"आठ आणे," मी म्हटलं.

आण्णांनी डोळे पुसले, आठ आणे माझ्या हातावर ठेवले आणि जन्मात पहिल्यांदा, दर जास्त आहे असं म्हणाले नाहीत.