मंदाताईंनी तपासल्याशिवाय

माझ्या लग्नाची पत्रिका मी मंदाताई इंगोल्यांच्या हातात दिली, तेव्हा त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली, पेन काढून दोन चुकांभोवती गोल केले आणि परत दिली. ‘‘असं नाई जाऊ देत मी. सुदरवून आन.’’ दुसऱ्यांदा छापलेली पत्रिका मिळाली, तेव्हा कुठे त्या लग्नाला आल्या.

अमरावतीतल्या आमच्या ऑफिसात सहा जण एकाच सॉफ्टवेअरवर काम करतो. कोडमध्ये काही बदललं की ते का बदललं, याची एक ओळ लिहून कमिट करायचं, म्हणजे तो बदल नोंदवायचा. ताईंनी तपासलं की मगच ते मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये, जातं. रुजू झालो त्या दिवशी मी नुसतं ‘फिक्स’ लिहिलं. लगेच शेरा आला : ‘काय फिक्स? कावून फिक्स? पहिले काय मोडलं होतं?’ मग मी ऐसपैस लिहिलं. पुन्हा शेरा : ‘यात तीन बदल हायेत. तिघायले एका खाटेवर नोको झोपवू.’

पुण्याहून आलेले आमचे मुख्य, निखिल सर, हे शेरे वाचून हसायचे. ‘‘ताई, एवढ्या नोंदी वाचणार कोण?’’

‘‘मी वाचीन नं. तुमी लिवा तं खरी.’’

गेल्या हंगामात शेंदूरजनाघाटकडच्या एका संत्रा बाजारासाठी, आलेल्या गाडीला लिलावाचा नंबर देणारं सॉफ्टवेअर आम्ही केलं. ते सुरू व्हायच्या आदल्या दिवशी निखिल सरांनी घाईत एक बदल कोणालाही न दाखवता थेट मुख्य ब्रँचमध्ये टाकला. सकाळी बाजारात साठ गाड्या आल्या आणि साठही जणांच्या मोबाईलवर नंबर आला : एक.

‘‘अरे, हितं समदेच पहिले हायेत!’’ फोनवर एक बागाईतदार ओरडत होते. ‘‘गेटात पाच गाड्या फसल्या!’’

निखिल सर घाईघाईने म्हणाले, ‘‘गेल्या आठवड्याची जुनी आवृत्तीच लावू या.’’

‘‘आन् पोरायचं आठ दिवसांचं काम?’’ ताईंनी खुर्ची पुढे ओढली. नोंदींच्या यादीवरून त्यांचं बोट खाली सरकत गेलं. प्रत्येक ओळीत काय आणि का, दोन्ही लिहिलेलं. एकाच ठिकाणी नुसतं : ‘अपडेट’.

‘‘हा कोनाचा पाहुना?’’

‘‘माझा,’’ सर पुटपुटले.

नंबर एकाने वाढवणारी ओळच त्यात उडाली होती. ताईंनी तेवढाच बदल मागे घेतला, त्याचं कारण नोंदीत लिहिलं आणि सरांना म्हणाल्या, ‘‘आता तुमी तपासा.’’

पाच मिनिटांत पुन्हा फोन. ‘‘मायी गाडी सतरावी लागली! पन भांडन मिटलं राजेहो!’’

ऑफिसात टाळ्या, शिट्ट्या. निखिल सर उठून उभे राहिले. ‘‘ताई, यापुढे माझं प्रत्येक कमिट आधी तुमच्याकडे.’’

‘‘या नं,’’ ताई म्हणाल्या. आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

संध्याकाळी मी त्यांना बडनेऱ्याला घरी सोडलं. ‘‘आत ये. एक काम पाहून दे,’’ त्या संकोचून म्हणाल्या. घरात त्या आणि त्यांची आई, दोघीच. आजींना आता फारसं आठवत नाही. दुपारी शेजारीण येऊन बसते. बाकीच्या वेळेसाठी ताईंनी एक छोटा प्रोग्राम लिहून जुन्या मोबाईलवर ठेवला होता. तो दर तासाला त्यांच्याच आवाजात बोलायचा. मी कोड वाचत होतो, तेवढ्यात सहा वाजले आणि मोबाईल बोलला.

‘‘माय, मी मंदा. पानी पे वं.’’

‘‘हो वं बाई,’’ म्हणत आजींनी पेला उचलला आणि पाणी प्यायल्या. मग समोर उभ्या असलेल्या ताईंकडे पाहून त्यांनी विचारलं, ‘‘तुमी कोन होय?’’

ताईंनी पेला हळूच त्यांच्या हातातून घेतला, पदराने हनुवटी पुसली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘आवाज बराबर आला नं?’’