वेंडेलच्या खालचा खिळा

सिल्व्हर म्यूल कॅसिनोच्या कॉफी काउंटरशेजारच्या भिंतीवर वेंडेल पिकेटच्या फोटोखालचा खिळा यंदा रिकामा होता. त्या खिळ्यावर मिल्टन होवर्थचं थोबाड लटकेल या नुसत्या कल्पनेनेच अर्लीन पिकेटला सकाळचा नाश्ता गेला नव्हता. ज्येष्ठांच्या वार्षिक पोकर स्पर्धेत जो जिंकतो त्याचा फोटो या भिंतीवर लागतो आणि एकदा लागला की कायमचा. तिचा नवरा वेंडेल वरच्या रांगेत होता, हसरा, शर्टाचं बटण चुकीच्या काजात अडकवलेला. त्याला जाऊन आता काही वर्षं झाली होती. खालच्या रांगेत त्याच्या बरोबर खालची जागा यंदाच्या विजेत्याची होती, आणि शेवटच्या टेबलावर अर्लीन पोचली होती तसा मिल्टनही पोचला होता.

मिल्टनने उभी हयात लास व्हेगासमधल्या गाड्यांना दंडाच्या चिठ्ठ्या लावण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर चिठ्ठ्या गेल्या, पण हातांची शिवशिव राहिली. पोकरचे सगळे नियम त्याला तोंडपाठ होते. टेबलावर वाद झाला की निवाडा करायला जो माणूस येतो त्याला तिथे 'फ्लोअर' म्हणतात, आणि कोणीही हात वर करून तशी हाक मारली की त्याला हातातलं काम टाकून यावंच लागतं. सिओने नावाचा कपाटाएवढा रुंद गृहस्थ हे काम करायचा. त्याच्या बुटांचे तळवे मिल्टनने झिजवले होते असं म्हटलं तरी चालेल.

त्या बुधवारी पहिली हाक अर्लीनसाठीच पडली. तिला लावलेली रक्कम वाढवायची होती, पण तोंडात पेपरमिंटची गोळी होती, म्हणून तिने न बोलता एक मोठी चिप, म्हणजे पैशांऐवजी वापरायची जास्त किमतीची चकती, पुढे टाकली. मिल्टनचा हात वर गेला. सिओने आला.

"तोंडाने काही न सांगता एकच मोठी चिप टाकली, तर ती नुसती बरोबरी," मिल्टन म्हणाला. "समोरच्याने लावलं तेवढंच हिने लावलं असं धरायचं आणि उरलेलं हिला परत द्यायचं. वाढवायचं तर आधी बोलावं लागतं."

"अरे, माझ्या मनात वाढवायचंच होतं."

"मनातलं टेबलावर मोजत नाहीत, अर्लीन."

नियम त्याच्या बाजूने होता. सिओनेने खांदे उडवून तसा निकाल दिला, आणि ज्याला अर्लीन हाकलणार होती तो मिल्टन स्वस्तात आत राहिला व दोन फडतूस दुर्र्यांवर तो डाव घेऊन गेला. अर्लीनने जन्मभर शाळेची बस चालवली होती. शेवटच्या बाकावरच्या कार्ट्याकडे आरशातून बघावं तसं तिने मिल्टनकडे बघितलं आणि गोळी कडकडून चावली.

पुढे मिल्टनला ऊतच आला. एकाचा फोन वाजला म्हणून हाक, दुसऱ्याने मोठ्या चिपा छोट्यांच्या मागे लपवल्या म्हणून हाक. पत्ते वाटायला लिंडी बसली होती. तिच्या बिल्ल्यावर नावाखाली इलोइलो असं फिलिपीन्समधल्या तिच्या गावाचं नाव होतं. ती या कामात नवीन होती, आणि मिल्टन तिच्या बोटांकडे असा टक लावून बघायचा की बिचारीची बोटं गोंधळायची. एकेक जण बाद होत गेला. शेवटी लोकरी स्वेटर आवळून बसलेली अर्लीन आणि मिल्टन असे दोघेच उरले. बाहेर डांबर वितळत होतं, पण आत एसी असा की म्हातारी मंडळी थंडीच्या तयारीनेच यायची.

आणि लिंडीची चूक झाली. मिल्टनची चिपा लावायची पाळी बाकी असतानाच तिने टेबलावरचं शेवटचं पान उलटलं. पान कोणतं आहे हे बघायच्याही आधी मिल्टन गरजला, "फ्लोअर."

सिओने आला. घाईत उलटलेलं पान परत कॅटमध्ये घालायचं, उरलेला कॅट पिसायचा आणि नवं पान काढायचं, असा त्याने निवाडा दिला. लिंडीने पान उचललं तेव्हा कुठे मिल्टनची नजर त्यावर गेली. ती बदाम राणी होती. त्याच्या हातात एक राणी होतीच, त्यामुळे हा डाव त्याच्या खिशात होता.

"थांबा," मिल्टन म्हणाला. "चूक डीलरची आहे. तिची शिक्षा मला कशाला? पान राहू द्या."

"हाक तुम्हीच मारलीत, मिस्टर होवर्थ."

"मी तत्त्वाचं बोलत होतो."

"मी पण तत्त्वाचंच करतोय."

पिसून निघालं एक निरुपयोगी पान. डाव अर्लीनकडे गेला आणि दोघांच्या चिपांचे ढीग साधारण सारखे झाले. मागे जमलेली मंडळी फिदीफिदी हसली. मिल्टन लिंडीच्या नावाने पुटपुटू लागला, तो काही थांबेना. अखेर सिओने आवाज न चढवता, फक्त वाकून म्हणाला, "खेळापुरतं बोला. एक शब्द जास्त झाला तर एक फेरी बाहेर बसवीन." मिल्टनचा चेहरा लालबुंद झाला. त्याने ओठ घट्ट मिटले. आता तोंडच उघडायचं नाही, बघू कोण काय करतं, असा त्याचा आविर्भाव होता.

नवा डाव. अर्लीनच्या हातात दोन अठ्ठ्या होत्या. टेबलावर चार पानं उघडी पडली होती आणि एक यायचं होतं. तिने भीत भीत थोड्या चिपा पुढे केल्या. मिल्टनने छाती फुगवली, ढिगातली सर्वांत मोठी चिप उचलली आणि एकही शब्द न बोलता मधोमध भिरकावली.

"वाढवली," लिंडीने जाहीर केलं. त्याच्या मनात काय आहे ते तिला काय, खुर्च्यांनाही कळलं होतं.

अर्लीनचा हात पत्ते टाकायला निघाला होता. दोन अठ्ठ्यांच्या जिवावर एवढं ओझं कोण उचलणार. मग तिची नजर काउंटरकडच्या भिंतीवर गेली आणि सकाळची गोळी तिला आठवली. इतक्या वर्षांत तिने कधीच केलं नव्हतं ते तिने केलं. तिने हात वर केला.

"फ्लोअर."

सिओने जवळजवळ धावत आला. अर्लीन म्हणाली, "हा काही बोलला का ते विचार, बाळा. आणि याचा नियम काय ते पण त्यालाच विचार. त्याच्याइतका कोणाला येतो?"

"बोला, मिस्टर होवर्थ," सिओने म्हणाला. "परवानगी आहे."

मिल्टनने एकदा आपल्या चिपेकडे बघितलं, एकदा काउंटरकडच्या भिंतीकडे. इकडे आयुष्यभराचा नियम होता आणि तिकडे रिकामा खिळा. चुकीचा नियम सांगणं त्याच्या जिभेला जमण्यासारखं नव्हतं.

"नुसती बरोबरी," तो म्हणाला.

"पण तुझ्या मनात तर वाढवायचं होतं ना?" अर्लीनने विचारलं.

"मनातलं मोजत नाहीत." हे त्याने इतक्या बारीक आवाजात सांगितलं की मागच्यांना पुन्हा विचारावं लागलं.

लिंडीने त्याचे सुटे परत केले, अर्लीनची माफी मागितली आणि कोणालाही घाई न करता शेवटचं पान उलटलं. चौकट अठ्ठी. अर्लीनने दोन्ही हातांनी आपला अख्खा ढीग पुढे लोटला आणि मुद्दाम घसा साफ करून स्पष्ट म्हणाली, "सगळं." मिल्टनकडे दोन राजे होते. त्यांना घेऊन तो मागे हटणं शक्यच नव्हतं. तीन अठ्ठ्यांपुढे राजे आडवे झाले. चिपा मोजल्या तेव्हा अर्लीनचा ढीग थोडासा उंच भरला, आणि त्या थोड्याशानेच मिल्टन बाद झाला. अर्लीन हसत होती आणि रडतही होती, आणि लिंडीला स्वेटरमध्ये घेऊन तिने असं आवळलं की बिल्ला वाकडा झाला.

पुढच्या बुधवारी फोटो खिळ्यावर लागला. वर वेंडेल, खाली अर्लीन. सगळे कौतुक करून गेले तरी मिल्टन चष्मा पुसत भिंतीसमोर उभाच होता. मग त्याचा हात वर गेला.

"फोटोत विजेत्याखेरीज दुसऱ्या कोणाचा अवयव असता कामा नये," तो सिओनेला म्हणाला. "हे कोपऱ्यात बघ. कोपर आहे."

"कोणाचं?"

"माझं."

सिओनेने अर्लीनकडे बघितलं. अर्लीनने वेंडेलकडे बघितलं. तो नेहमीसारखाच हसत होता.

"नवा डाव वाटायला घेतला की मागचा उलटवता येत नाही," ती म्हणाली. "नियम आहे ना, मिल्टन?"

"आहे," मिल्टन म्हणाला आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसला.

त्या सकाळी तो फोटोंच्या भिंतीशेजारच्या काउंटरवरून कॉफी आणायला सारखा उठत होता. डॉक्टरांनी त्याची कॉफी कधीच बंद केली आहे हे सगळ्या हॉलला ठाऊक होतं.