दोन खिडक्यांचा कॅमेरा

कॅमेरा दुरुस्त करताना गफूरभाई दुकानाच्या मागच्या रिकाम्या दाराशी बोलत. डोळ्याला कॅमेरा, एक हात लेन्सच्या रिंगवर आणि तोंडाने, "हं, अशीच उभी राह. मान हलवू नको." दारात कोणी नसे. राजूरचा एक फोटोग्राफर हे ऐकून कॅमेरा तिथेच टाकून पळाला आणि पुढे मेहुण्याला पाठवून तो मागवून घेतला. पण पंचाहत्तर-शहात्तरच्या त्या काळात जालन्यात असा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. मग आम्ही भीत भीत का होईना, जायचोच.

माझा कॅमेरा दोन खिडक्यांचा. मोठ्या खिडकीतून माणूस दिसतो आणि त्याच्या अंगावर, लहान खिडकीतून आलेली, त्याचीच पिवळसर सावली. रिंग फिरवून दोघं एक झाले की फोटो स्पष्ट येणार. माझ्या कॅमेऱ्यातली ही सावली पार पुसट झाली होती आणि बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं.

गफूरभाईंनी हकिमाच्या थाटात तपासलं. लहान खिडकीवर बोट ठेवलं, तर सावली गेली. "म्हणजे जिंदा हाय," म्हणाले. मग काचेवर तोंडाची वाफ सोडली. वाफ उडाली, पण धूसरपणा तसाच. म्हणजे रोग आतला. खोलून पुसायचं आणि दोन्ही चित्रं नव्याने जुळवायची. एवढं सांगताना त्यांचा चेहरा उतरला आणि कॅमेरा कपाटात गेला. मी चकरा मारू लागलो. कधी हवा दमट असे, कधी स्क्रू रुसलेला असे.

लग्नाच्या आदल्या दुपारी मी तणतणतच गेलो. ते माझाच कॅमेरा दाराकडे रोखून बसले होते. माझ्या हातात देत म्हणाले, "बघा मास्तर. दोघी दिसून राह्यल्या का?"

मी डोळा लावला. दाराची चौकट दिसली, चौकटीची फिकट सावली दिसली आणि भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. तिथे कोणी नाही म्हणालो.

मग त्यांनी सांगितलं. जुळवणीला ठरावीक अंतरावर माणूस उभा लागतो. ते काम त्यांची बायको झुबेदा करायची. कणीक मळता मळता उठून यायची, तशाच हातांनी. माझा कॅमेरा मागे एकदा त्यांच्याकडेच आला होता; तिच्यावर जुळवलेला तो शेवटचा. त्यानंतर लगेच ती गेली.

"खोलला की ती जुळवणी जाईल," ते म्हणाले.

माझा राग कुठल्या कुठे गेला. तिचा एखादा फोटो त्या दारावर लावा ना, मी म्हणालो.

"जुळवताना रोल कुठं भरतात, मास्तर? जालन्यातल्या सगळ्या कॅमेऱ्यांनी बघितलं तिला. रोल एकातबी नव्हता."

मला फार वाईट वाटलं. कॅमेरा तसाच द्या, म्हणालो. पण बहिणीचं लग्न पुन्हा होत नसतं असं म्हणत त्यांनी पेचकस उचलला. काच पुसून झाल्यावर मला दारात उभं केलं. बराच वेळ ते नुसतेच पाहत राहिले, रिंग काही फिरवेनात.

"मास्तर," ते अगदी हळू म्हणाले, "जरा बाजूला सरका."

मी सरकलो. मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही.