चार ते सहाची पाळी

मिरजेच्या आमच्या चित्रमित्र मंडळात दुआर्त फेराझ या पोर्तुगीज दिग्दर्शकाच्या चित्रपटातला एक शॉट गेली नऊ वर्षं चालू आहे. स्वयंपाकघरात टेबलाशी एक बाई बसली आहे. तिच्यापुढे कॉफीचे दोन कप आहेत, समोरची खुर्ची रिकामी आहे. ती दाराकडे बघते. कॉफीची वाफ अजून येते.

चित्रपटाच्या डब्यात फेराझांचं पत्र होतं. कोणीतरी बघत असेल तोवरच हा शॉट चालेल; हॉल रिकामा झाला तर बाई उठून जाईल. कोणाची तरी वाट बघणाऱ्या बाईला असं उठवणं आम्हाला बरं वाटलं नाही, म्हणून पाळ्या लावल्या. येणाऱ्यानं "काही घडलं?" विचारायचं, जाणाऱ्यानं "नाही" म्हणायचं आणि मी, म्हणजे मंडळाचा चिटणीस, ते वहीत लिहायचं. सुरुवातीला गावानं आमची पुष्कळ टिंगल केली. आता करत नाही, कारण टिंगल करणारे सगळे पाळीवर आहेत.

चार ते सहाची पाळी नलिनीबाई उगारे यांची. निवृत्त नर्स. नऊ वर्षांत एक खाडा नाही. फेराझांवर आम्ही चर्चासत्रं घेतली, मी स्वतः चाळीस पानी निबंध लिहिला. पण फेराझ खरे कळले ते नलिनीबाईंना, हे मला कबूल केलं पाहिजे. त्या म्हणायच्या, "चिटणीस, माणसाजवळ नुसतं बसून राहायचं असतं. ह्या फेराझांना ते येतं बघा."

गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा उदय बडोद्याहून आला. आईला कायमचं न्यायचं म्हणून त्यानं पुढच्या गुरुवारची तिकिटं काढली होती. बाईंचे गुडघे गेलेले, घरात दुसरं कोणी नाही. त्याचंही काही चुकत नव्हतं.

बाई माझ्याकडे आल्या. "जाईन मी. मुलगा एवढं म्हणतोय. पण तिला न सांगता कशी जाऊ हो? नऊ वर्षं समोरासमोर बसलोय आम्ही."

त्यांचे डोळे भरले होते.

मी कार्यकारिणीची तातडीची सभा बोलावली. प्रेक्षकानं पात्राचा निरोप घ्यावा की नाही, याबद्दल मंडळाच्या घटनेत कलम नव्हतं. "पायंडा पडेल," उपाध्यक्ष भोकरे म्हणाले. शेवटी फेराझांनाच ईमेल केली. त्यांचं उत्तर चौथ्या दिवशी आलं, दोनच ओळींचं. "ती कोणाची वाट बघते हे चित्रीकरण करताना मलाही माहीत नव्हतं. त्या बाईंना तिच्याजवळ जाऊ द्या."

बुधवारी चार वाजता नलिनीबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या. काठी टेकत पडद्यापर्यंत गेल्या.

"उद्या निघायचंय गं मला," त्या म्हणाल्या.

पडद्यावरची बाई नऊ वर्षांत पहिल्यांदा हलली. तिनं एक कप रिकाम्या खुर्चीपुढे सरकवला. नलिनीबाईंनी चपला काढल्या, काठी खाली ठेवली आणि आत जाऊन बसल्या.

सहा वाजता भोकरे पाळीवर आले. "काही घडलं?"

"उगारेबाई कॉफी घेतायत," मी म्हटलं.

"बिनसाखरेची आहे ना?" भोकऱ्यांनी विचारलं. "साखर चालत नाही त्यांना."

गुरुवारी उदय बॅगा घेऊन हॉलवर आला आणि पडद्यासमोर उभा राहिला. "आई, गाडी चुकेल."

नलिनीबाईंनी हातानंच 'थांब' अशी खूण केली. गप्पा ऐन रंगात होत्या.

तो माझ्याकडे वळला. "किती वेळ लागेल?"

"शॉट संपेपर्यंत," मी म्हटलं. "तुम्ही निघा हवं तर. फक्त हॉल रिकामा राहता कामा नये."

तो बराच वेळ आईकडे बघत राहिला. मग त्यानं बॅगा भिंतीशी लावल्या. "चार ते सहा आता कोण बसतं?"

"कोणी नाही अजून."

उदय पाळी चोख सांभाळतो. बडोद्याचं काम त्यानं इथूनच करायचं ठरवलं आहे. काल सहा वाजता भोकऱ्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काही घडलं?"

"हो," उदय म्हणाला. "आई हसली."

मी वहीत तसं लिहिलं.