ताईची कसरत

सकाळी अंगण झाडायला बाहेर आले, तर कुंपणापलीकडे नवी शेजारीण एका पायावर उभी. दोन्ही हात पुढे, काठोकाठ भरलेली परात धरल्यासारखे. परात मात्र नव्हती. वर घेतलेला पाय खाली टेकायला तिला इतका वेळ लागला की तेवढ्यात माझं निम्मं अंगण झाडून झालं.

"काय करून राह्यल्या हो बाई?" मी विचारलं.

"ताय-ची."

"कोणत्या ताईची?"

त्या हसल्या नाहीत. हात तसेच हवेत ठेवून म्हणाल्या, "चीनची कसरत हाय. रंगूनले आमच्या शेजारी एक चिनी काकी राहे, तिनं शिकवली."

पन्नास सालानंतरची ही अहेरीतली गोष्ट. माझे यजमान जंगल खात्यात कारकून. बांबूच्या तट्ट्यांचं कुंपण आणि दोन घरांत मिळून एक कुडाची भिंत, अशी आमची क्वार्टरांची ओळ होती. शेजारच्या या दमयंतीबाईंचे यजमान जंगलात लाकूड मोजायचे, महिन्यातले वीस दिवस कॅम्पवर. बाईंचं मूळ घर चामोर्शीकडचं. पण वडील रंगूनला सागवानाच्या वखारीत होते, म्हणून त्या तिकडेच वाढल्या, आणि जपान्यांच्या लढाईत सगळं टाकून पायी परत आल्या.

दुपारपर्यंत ओळभर 'ताईची कसरत' झाली आणि संध्याकाळपर्यंत दमयंतीबाई सगळ्यांच्या ताई झाल्या. मी तिथं तीन वर्षं राहत होते. मला अजून सगळे 'बाबूची बायको' म्हणत.

त्यांचं सगळंच हळू. विहिरीवर बादली अशी वर यायची, जणू तिला कोणी ओढतच नाहीये. आठवडी बाजारात त्या इतक्या सावकाश चालायच्या की माणसं आपण होऊन बाजूला व्हायची. मी भराभर चालायची, तर मलाच कोपर लागायचं. कोणाची पाठ दुखो, कोणाच्या कौलांवर माकडं नाचोत, ताईंचा सल्ला एकच, "अंग पाण्यावानी सोडा."

एकदा यजमान जेवता जेवता म्हणाले, "त्या ताई पाहा, कशा शांत असतात." दुसऱ्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं. चुकून नव्हे.

त्याच वर्षी होळीच्या सुमारास आम्हा दोघींना दिवस गेले. माझी तिसरी खेप, त्यांची लग्नानंतर कितीतरी वर्षांनी पहिली. माझ्या तोंडाला चव नाही, पायांना सूज. ताई मात्र रोज सकाळी अंगणात. माझ्या सासूबाई कपाळावर हात मारून म्हणायच्या, "पोटुशी बाई एका पायावर! पडंन ना बाप्पा!" पुढे पोट वाढलं तसं ताईंनी एका पायाचं सोडलं. दोन्ही पाय जमिनीला, लागला तर भिंतीचा आधार, आणि नुसते हात ढगासारखे इकडून तिकडे. सुईण माझी कंबर चोळता चोळता म्हणाली, "तिची पाठ पाह्य, कशी सरळ हाय. नाईतर तुही!"

हे मला झोंबलं. सगळे बाहेर गेलेले पाहून मी न्हाणीमागे गेले, हात पुढे केले, गुडघे वाकवले आणि भाताच्या तणसाच्या ढिगावर बसले. लागलं नाही, पण उठता येईना. शेवटी नाइलाजानं ताईंना हाक मारली. त्या आल्या, आपल्या चालीनं आल्या. मला उठवलं, पाठीवरचं तणस झाडलं आणि एवढंच म्हणाल्या, "आधी पाय जमिनीत मुरवा लागते." हसल्या असत्या तर मी त्यांना माफ केलं असतं.

मला मुलगा झाला. पंधरा दिवसांनी ताईंची वेळ आली. मला वाटत होतं, यांचं मूलही असंच सावकाश, न दुखवता येईल. पण भिंतीपलीकडून त्यांच्या किंकाळ्या ऐकू आल्या आणि, आज सांगायला हरकत नाही, मला पहिल्यांदा बरं वाटलं. मग स्वतःची लाज वाटली. दीड दिवसानं मुलगी झाली.

दहाव्या दिवशी सासूबाईंनी डिंकाचे लाडू देऊन मला पाठवलं. ताई खाटेवर पडून होत्या. कुशीत मुलगी, आणि मोकळ्या हाताचं नुसतं मनगट हवेत फिरत होतं.

"आता तरी पुरे करा," मी म्हणाले. मग आतलं सगळंच बाहेर पडलं. "तुमचं बरं हाय बाई. कोणी बोलणारं नाई, कोणी टोकणारं नाई. आमच्याकडं उठल्यापासून सासूबाईंचा तोफखाना."

मनगट थांबलं.

"तो तोफखाना मी रोज भिंतीशी बसून ऐकून राह्यते," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातून काही सांडलं की मले बरं वाटते. 'काऊन वं, डोळे फुटले का तुहे?' असं मले कोण म्हणन? आई तर रंगूनहून पायी येतानाच रस्त्यात गेली. काकी तिकडंच राह्यली. कसरतीच्या वेळेस ती समोर उभी राहे, चुकलं की हातावर चापट मारे. आता बरोबर करून राह्यली का चूक, मलेच ठाऊक नाई."

मी लाडवांचा डबा ठेवला आणि घरी आले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.

सव्वा महिना झाला. धुक्याच्या एका सकाळी ताई पुन्हा अंगणात आल्या. मुलगी ओसरीवर पातळ दुपट्यात, यांचे हात नुकतेच वर चाललेले. एवढ्यात सासूबाई कुंपणाचं फाटक ढकलून आत शिरल्या.

"काऊन वं पोरी! बाळंतीण हायेस का पहिलवान? कान बांध आधी! थंडी शिरली अंगात तर लेकराले कोण पाह्यन? मी?"

ताईंचा हात तिथंच थांबला, मग धपकन खाली आला. त्यांना इतकं भरभर काही करताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पदर ओढून कान झाकले, "हो बाई" म्हणाल्या आणि उभ्या उभ्या रडू लागल्या.

सासूबाईंनी मुलगी मांडीवर घेतली, पायरीवर ऐसपैस बसल्या. जन्मभर चिनी कसरत शिकवत आल्यासारख्या म्हणाल्या, "कर आता. अन् तो उजवा हात वाकडा चालला तुहा."

मी कुंपणाशी उभी राहून पाहत होते. माझ्या तीन बाळंतपणांत सासूबाई माझ्यासमोर अशा निवांत कधी बसल्या नव्हत्या. मग घरात गेले, माझ्या मुलाच्या अंगावरची जाड गोधडी काढून त्याला माझी शाल गुंडाळली, आणि ती गोधडी ताईंच्या मुलीसाठी कुंपणावरून पुढे केली.